सरासरी सुधारली, तरी इंटरव्हल चुकतोच: भेसळीच्या डेटावरचं समस्या निवारण

प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर आली की मला दर वर्षी एकाच धाटणीचे मेसेज येऊ लागतात. "सर, डेटात दोन-तीन वाईट आकडे होते, ते काढून टाकले. कॉन्फिडन्स इंटरव्हल मस्त अरुंद आला. पण गाइड म्हणतात हे चालणार नाही. काय चुकलं?" कधी तक्रार उलटी असते, म्हणजे इंटरव्हल एवढा पसरट की त्यातून काहीच हाती लागत नाही. कधी तिसरीच: तोच डेटा, तीच पद्धत, पण एक्सेलमध्ये एक उत्तर आणि आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी किंमत ज्या पट्ट्यात असावी असा आपला अंदाज, आणि भेसळ म्हणजे चांगल्या आकड्यांत मिसळलेले भलते आकडे.

उदाहरणाला विद्यार्थ्यांचा डेटा घेत नाही, जुना आणि सगळ्यांना मिळेल असा घेतो. सायमन न्यूकम या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १८८२ साली वॉशिंग्टनमध्ये प्रकाशाचा वेग मोजला. पोटोमॅक नदीकाठच्या त्याच्या उपकरणापासून निघालेला झोत वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या पायथ्याशी ठेवलेल्या आरशावर जाऊन परत यायचा. जाऊन-येऊन अंतर साधारण ७,४०० मीटर. या प्रवासाला लागणारा वेळ मोजलेली ६६ निरीक्षणं आपल्याकडे आहेत. प्रत्येकातून २४,८०० नॅनोसेकंद वजा केले की सुटसुटीत आकडे राहतात: २८, २६, ३३, २४, ३४ आणि सहाव्या जागी एकदम उणे ४४. पुढे २७, १६, ४० आणि दहाव्या जागी उणे २. बाकीचे सगळे, म्हणजे ६४ आकडे, १६ ते ४० च्या आत शहाण्यासारखे बसलेले.

सगळे ६६ घेऊन नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर सरासरी २६.२१, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १०.७५ आणि ९५ टक्के इंटरव्हल २३.६ ते २८.९. ते दोन आकडे वगळले तर सरासरी २७.७५, विचलन ५.०८, इंटरव्हल २६.५ ते २९.०. दोन आकड्यांनी सरासरी दीडच घर हलवली, पण रुंदी दुप्पट केली. भेसळीचा पहिला फटका बहुतेक वेळा रुंदीला बसतो, आणि लोक मात्र सरासरीच दुरुस्त करत बसतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आधी फाइल उघडून बघा

कुठलीही रोबस्ट, म्हणजे थोड्याशा वाईट आकड्यांनी न बिघडणारी, पद्धत लावण्याआधी सगळ्यात लहान दहा आणि सगळ्यात मोठे दहा आकडे छापून घ्या. मी एकदा पूर्ण दुपार ह्युबरच्या पद्धतीशी (टोकाच्या आकड्यांचं वजन कमी करणारी एक रोबस्ट पद्धत) झगडण्यात घालवली होती. संध्याकाळी चहा घेताना मूळ फाइल वर-खाली केली, तर एका कॉलममध्ये बरोबर एकोणीस ठिकाणी उणे ९९९. नोंद नसेल तिथे यंत्र तो आकडा टाकत होतं. ती भेसळ नव्हतीच, ती रिकामी जागा होती, आणि रिकाम्या जागेला रोबस्ट पद्धतीचा उपाय नसतो. दशांशचिन्ह सरकणं, सेंटीमीटरच्या रांगेत घुसलेले इंच, एकच ओळ दोनदा चिकटणं, या सगळ्यांचं तेच. कारण सापडलं तर दुरुस्त करा. कारण सापडत नाही तेव्हाच पुढे जा.

न्यूकमच्या उणे ४४ चं कारण नुसत्या आकड्यांवरून आपल्याला सांगता येत नाही, म्हणून तो पुढे जाण्याच्या लायकीचा.

"तीन सिग्माच्या बाहेरचे काढले" असं म्हणत असाल तर

सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन. हा घोळ एवढा नेहमीचा आहे की मेसेजच्या दुसऱ्या ओळीतच ओळखू येतो. न्यूकमच्या आकड्यांवर करून पाहा. उणे ४४ सरासरीपासून साडेसहा विचलनं दूर, म्हणजे तो चाळणीत अडकतो. पण उणे २ फक्त २.६ विचलनं दूर, तो निसटतो! चांगल्या आकड्यांच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना लगेच खुपणारा हा आकडा सूत्राला चालतो, कारण उणे ४४ ने विचलन एवढं फुगवलंय की त्या फुगवट्याच्या आड उणे २ लपतो. चोराला पकडायला चोराचीच मोजपट्टी वापरली तर दुसरं काय होणार? उणे ४४ काढून पुन्हा चाळलं तर उणे २ एकदम ४.७ विचलनांवर जातो आणि सापडतो. म्हणजे चाळणी किती वेळा फिरवली यावर उत्तर ठरतं, आणि ते रिपोर्टमध्ये कोणी लिहीत नाही.

उपाय असा की मोजपट्टीच बदलायची. मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, घ्या: २७. प्रत्येक आकडा त्यापासून किती दूर आहे ते काढा आणि त्या अंतरांचा मध्यक घ्या, ३. हा एम-ए-डी (मीडियन अ‍ॅब्सोल्यूट डेव्हिएशन). आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वळणाचे असते तर विचलन किती आलं असतं ते कळायला त्याला १.४८२६ ने गुणा: ४.४५. या पट्टीवर उणे २ साडेसहा घरं लांब आणि उणे ४४ जवळजवळ सोळा. एका फेरीत दोघंही उघडे.

खरा घोटाळा: कापलं, आणि रुंदी जुन्याच सूत्राने काढली

आता मुख्य दुखणं. विद्यार्थी हुशार असतो, ट्रिम्ड मीन शिकलेला असतो. दोन्ही बाजूंचे दहा-दहा टक्के कापतो. आपल्या डेटात ते खालचे सहा आणि वरचे सहा. उरलेल्या ५४ आकड्यांची सरासरी २७.४३ येते. इथपर्यंत उत्तम. मग तो त्याच ५४ आकड्यांचं विचलन काढतो, ३.४८, त्याला ५४ च्या वर्गमुळाने भागतो, त्याला स्टँडर्ड एरर (सरासरी किती हलू शकते त्याचं माप) ०.४७ म्हणतो आणि इंटरव्हल छापतो: २६.५ ते २८.४.

देखणा, अरुंद आणि चुकीचा.

कारण हे ५४ आकडे काही बाजारातून सहज उचललेले ५४ नाहीत. रांगेत उभे करून, दोन्ही टोकं छाटून, मुद्दाम मधले निवडलेत. त्यांचं विचलन लहानच येणार. शिवाय प्रयोग पुन्हा केला असता तर छाटायची जागा थोडी डावी-उजवीकडे सरकली असती, आणि ती हालचाल या हिशेबात कुठेच धरलेली नाही. नुकसान किती होतं? डेटा अगदी स्वच्छ, नॉर्मल आणि भरपूर असला तरी दोन्हीकडून दहा टक्के कापून ही चूक केली, तर ९५ टक्के म्हणून छापलेला इंटरव्हल खरी किंमत सुमारे ८४ टक्के वेळाच पकडतो. वीस-वीस टक्के कापलेत तर ७३ टक्क्यांपर्यंत घसरतो. भेसळ शून्य असतानाचे हे आकडे आहेत, बरं का.

योग्य वाट टुकी आणि मॅक्लॉक्लिन या संख्याशास्त्रज्ञांनी १९६३ सालीच दाखवून ठेवली आहे आणि ती वहीवर करण्याइतकी सोपी आहे. कापलेले आकडे फेकू नका, शेजाऱ्याच्या किमतीवर आणून बसवा. खालच्या सहा आकड्यांच्या जागी सातवा, म्हणजे २१. वरच्या सहांच्या जागी वरून सातवा, म्हणजे ३६. आता पुन्हा ६६ आकडे झाले. याला विन्सराइझ करणं म्हणतात. त्यांचं विचलन ४.५२. त्याला ६६ च्या वर्गमुळाने आणि शिवाय उरलेल्या हिश्श्याने, म्हणजे ०.८ ने भागा. स्टँडर्ड एरर ०.७० येतो. टी-कोष्टकात ५४ वजा १, म्हणजे ५३ डिग्रीज ऑफ फ्रीडमसमोर २.०१ मिळतो. इंटरव्हल २६.० ते २८.८. केंद्र तेच, २७.४३, पण रुंदी आधीच्या जवळजवळ दीडपट. गाइड "चालणार नाही" म्हणत होते ते या दीडपटीसाठी.

ह्युबरचा अंदाज वापरत असाल तरी नियम तोच: रुंदी त्याच अंदाजाच्या स्वतःच्या सूत्राने काढायची. इथे नेहमीचा १.३४५ हा स्थिरांक आणि वरचा ४.४५ घेतला की केंद्र २७.३८ येतं. खालच्या आठ आणि वरच्या आठ आकड्यांचं वजन दाबलं जातं, इंटरव्हल साधारण २६.१ ते २८.७. आणि काहीच गृहीत धरायची इच्छा नसेल तर मध्यकाचा इंटरव्हल फक्त रांगेतल्या जागांवरून मिळतो: ६६ मध्ये २५वा आणि ४२वा आकडा, म्हणजे २६ ते २९, आणि हमी ९६ टक्क्यांच्या आसपास. याला विचलन लागत नाही, एम-ए-डी लागत नाही, काहीच नाही. मला स्वतःला लहान, संशयास्पद डेटासाठी हाच आवडतो. स्वच्छ नॉर्मल डेटावर मध्यकाची कार्यक्षमता सरासरीच्या तुलनेत ६४ टक्केच असते, हे खरं. पण माझ्याकडे स्वच्छ नॉर्मल डेटा घेऊन फारसं कोणी येत नाही.

हे सगळं सांगितल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. न्यूकमच्या डेटात फक्त ते दोन आकडे काढून नेहमीचा टी-इंटरव्हल काढला, तरी २६.५ ते २९.० हा बराचसा शेजारचाच मिळतो. दोन आकडे डोळ्यांनी दिसण्याइतके वेगळे आहेत म्हणून तिथे भागलं. जिथे सीमेवरचे चार-पाच आकडे "काढू की ठेवू" असे असतात, तिथे ठेवण्या-काढण्याचा तुमचा निर्णयच अनिश्चिततेचा भाग बनतो, आणि नेहमीच्या सूत्राला त्याचा पत्ता नसतो.

दोन सॉफ्टवेअर, दोन उत्तरं

यात गणित कमी आणि चिडचिड जास्त. एक्सेलच्या ट्रिममीनला तुम्ही ०.१ दिलंत तर तो दोन्ही बाजू मिळून दहा टक्के कापतो, म्हणजे आपल्या ६६ मध्ये एका बाजूचे तीनच. आरच्या मीनमध्ये ट्रिम ०.१ दिलं की ते प्रत्येक बाजूला दहा टक्के असतं, म्हणजे सहा. पायथन भाषेच्या सायपाय लायब्ररीतही प्रत्येक बाजूचंच धरतात. एक्सेलमध्ये तेच हवं असेल तर ०.२ लिहा. या डेटात फरक २७.४० आणि २७.४३ एवढाच पडतो, म्हणून तो लक्षातही येत नाही. भेसळ जास्त असती तर आला असता.

एम-ए-डीचं उलटं आहे. आर स्वतःहून १.४८२६ ने गुणून देतं. सायपाय गुणत नाही, तुम्ही स्केलच्या जागी नॉर्मल सांगितलं तरच गुणतं. पायथनमधल्याच स्टॅट्समॉडेल्समध्ये मात्र गुणलेलं मिळतं. एकाच भाषेतल्या दोन लायब्रऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत, त्याला आपण काय करणार. १, २, ३, ४, ५ हे पाच आकडे देऊन बघा: १ आलं तर गुणलेलं नाही, १.४८ आलं तर गुणलेलं आहे.

आणि एम-ए-डी शून्य आला तर? निम्म्याहून जास्त आकडे एकसारखे आहेत एवढाच त्याचा अर्थ. एक ते पाचच्या रेटिंगमध्ये किंवा ठोकळ आकडे दाखवणाऱ्या यंत्रात हे सर्रास होतं. शून्याने भागाकाराची एरर दाबून टाकायला त्यात ०.०००१ मिळवू नका, तसं केलं की बाकीचा प्रत्येक आकडा आउटलायर, म्हणजे वेगळा पडलेला, ठरतो. असा डेटा मोजणीचा समजून टक्केवारीत मांडा.

बूटस्ट्रॅप केलं, आता तरी बरोबर ना?

बूटस्ट्रॅपमध्ये मूळ डेटातूनच, उचललेला आकडा परत टाकत, हजारो नमुने घेतात आणि प्रत्येकावर हिशेब करतात. हा रामबाण असा एक समज पसरलाय. सरासरीचं बूटस्ट्रॅप केलंत तर उणे ४४ हा सुमारे ६३ टक्के नमुन्यांत किमान एकदा येतो, काहींत दोनदा, काहींत तीनदा, आणि उरलेल्यांत येतच नाही. त्याच्या प्रत्येक हजेरीने सरासरी एक पूर्णांकाहून जास्त खाली ओढली जाते. मूळ रोग तसाच, फक्त दहा हजार वेळा छापलेला.

रोबस्ट अंदाजाचं बूटस्ट्रॅप बरं, पण तिथेही एक खड्डा आहे. समजा २० निरीक्षणं आहेत, त्यांतली ४ वाईट आणि ती सगळी एकाच बाजूला. तुम्ही प्रत्येक बाजूचे पाच कापता, म्हणजे मूळ डेटावर सुरक्षित आहात. पण परत-परत उचललेल्या नमुन्यात वाईट आकडे सहा किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता जवळजवळ २० टक्के आहे, म्हणजे दर पाच बूटस्ट्रॅपमागे एक फुटलेलं. अडीच आणि साडेसत्त्याण्णव टक्क्यांची टोकं मग भलतीकडेच जातात. लक्षण ओळखायचं असेल तर बूटस्ट्रॅपच्या उत्तरांचा हिस्टोग्राम काढा. दोन टेकड्या किंवा लांब शेपूट दिसली तर हेच झालंय. एकतर जास्त कापा, मध्यकापर्यंत जायला हरकत नाही, किंवा सालिबियान-बरेरा आणि झमार यांनी २००२ साली मांडलेलं फास्ट अँड रोबस्ट बूटस्ट्रॅप वापरा. त्यात मूळ डेटावर ठरलेली कमी वजनं नमुन्यातही वाईट आकड्यांना चिकटून राहतात.

"डेटा वाढवला तर सुटेल का?"

भेसळ दोन्ही बाजूंना सारखी असेल तर होय, सुटेल. एकाच बाजूची असेल तर गोष्ट बिघडते, आणि प्रत्यक्षात ती बहुधा एकाच बाजूची असते: गळकं यंत्र नेहमी कमीच दाखवतं, उत्पन्न विचारलं तर लोक कमीच सांगतात.

मध्यकाची ख्याती मोठी, निम्मा डेटा बिघडेपर्यंत तो फुटत नाही. पण फुटत नाही म्हणजे सरकत नाही असं नव्हे. दहा टक्के आकडे एकाच टोकाला बिघडलेले असतील तर मध्यक खऱ्या जागेपासून सुमारे ०.१४ सिग्मा सरकतो, आणि हे सरकणं निरीक्षणं वाढवून कमी होत नाही. इंटरव्हल मात्र निरीक्षणांबरोबर आखडत जातो. शंभर निरीक्षणांना त्याची अर्धी रुंदी पाव सिग्माहून थोडी जास्त असते, त्यात हे सरकणं पचून जातं. चारशेच्या आसपास दोन्ही सारखे होतात. दहा हजार निरीक्षणं घेतलीत तर अर्धी रुंदी ०.०३ सिग्माहून कमी आणि सरकणं तेच ०.१४. तो ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या किमतीला जवळपास कधीच स्पर्श करणार नाही. मोठा डेटा घेऊन येणाऱ्यांना मी हे आधी सांगतो, आणि त्यांचे चेहरे पडतात.

इथे करण्यासारखं एक आहे. भेसळ जास्तीत जास्त किती टक्के असेल याचा अंदाज यंत्राच्या नोंदींवरून, दुबार मोजणीवरून किंवा अनुभवावरून बांधा आणि त्या टक्क्याला मध्यक जास्तीत जास्त किती सरकेल ते इंटरव्हलच्या दोन्ही टोकांना जोडा. पाच टक्क्यांना ०.०७ सिग्मा, दहाला ०.१४, तेही वरच्या एम-ए-डीच्या सिग्माने. इंटरव्हल रुंद होईल. होऊ द्या.

पुन्हा न्यूकमकडे. आजच्या प्रकाशवेगावरून उलटा हिशेब केला तर त्याच्या मोजपट्टीवर खरी किंमत ३३ च्या आसपास बसते. वरचे सगळे इंटरव्हल आठवून पाहा: २८.९, २९.०, २८.८, २८.७, २९. एकही ३३ पर्यंत पोचत नाही. उणे ४४ आणि उणे २ यांचा इथे काही संबंध नाही. सगळी ६६ निरीक्षणंच पाच-सहा नॅनोसेकंदांनी एका बाजूला झुकलेली होती, आणि सगळंच सरकलेलं असेल तेव्हा मध्यकही बिचारा त्याच रांगेत उभा असतो. याच न्यूकमने चार वर्षांनी, १८८६ मध्ये, निरीक्षणांच्या चुका एका नॉर्मल वक्रात बसत नाहीत, कमी-जास्त अचूकतेच्या अनेक वक्रांचं मिश्रण समजून त्या हाताळाव्यात, असं मांडलं. भेसळीचं जे मॉडेल टुकीने १९६० साली आणि ह्युबरने १९६४ साली पुढे आणलं, त्याचं हे आजोबाच म्हणायचं.

तेव्हा मला मेसेज करताना फक्त इंटरव्हल पाठवू नका. रिपोर्टमध्ये जे लिहाल तेच पाठवा, साधारण असं: "६६ निरीक्षणं, एकही वगळलेलं नाही, प्रत्येक बाजूला १० टक्के ट्रिम्ड मीन २७.४, स्टँडर्ड एरर विन्सराइझ्ड विचलनावरून, ९५ टक्के इंटरव्हल २६.० ते २८.८, सगळे आकडे नेहमीच्या सूत्रात घातल्यास २३.६ ते २८.९, उणे ४४ आणि उणे २ यांचं कारण सापडलं नाही." सोबत कच्ची फाइलही जोडा, साफ केलेली नको.